अ‍ॅप काढलं, पण अंगठा अजून तिथेच जातो

अर्धविराम (रात्री १:४७)

एरवी मी रोमात (फक्त वाचत) असते. आज धागा काढतेय. वेळ बघा आणि काय ते समजून घ्या.

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. बावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका पुस्तकाची शेवटची प्रुफं तपासून दिली आणि प्रत हातात आल्यावर कळलं की एका प्रकरणाच्या शीर्षकात 'परतीचा प्रवास'चं 'परतीचा प्रवस' झालंय. मजकुरात कुठेतरी असतं तर मी मनाला समजावलं असतं. शीर्षकात, एवढ्या मोठ्या टायपात! ते पान तपासताना मध्येच फोन उचलला होता हे नक्की, कारण तेव्हा बघितलेली मांजराची रील अजून डोळ्यांसमोर आहे. पान काही केल्या आठवत नाही.

फोन म्हणतो, रोजचे ५ तास १२ मिनिटं. यात कामाचे फार तर चाळीस मिनिटं.

करून झालेले उपाय:

इन्स्टाग्राम काढून टाकलं. अंगठा सवयीने त्याच कोपऱ्यात जातो, आणि तिथे आता कॅल्क्युलेटर सरकून आलाय. दिवसातून वीसेक वेळा मी कॅल्क्युलेटर उघडते, त्याच्याकडे बघते, बंद करते. चौथ्या दिवशी ब्राउझरमधून इन्स्टाग्राम उघडलं, म्हणजे तेही संपलं.

मग पंधरा मिनिटांची मर्यादा लावली. वेळ संपली की पाटी येते, आणि पाटीखालीच 'आजच्यापुरतं दुर्लक्ष करा' असं बटण. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आता ते बटण न वाचताच दाबलं जातं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, तर दर वीस मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून मी त्या खोलीत. साधा फोन घ्या म्हणू नका, सगळं काम व्हॉट्सअ‍ॅपवर येतं.

ज्यांचं खरंच सुटलं त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. 'मनावर ताबा ठेवा' नको, ध्यानधारणाही नको.

---

खोडसाळ (रात्री १:५५)

इन्स्टावरून उठून इथे? आगीतून फुफाट्यात. बाकी हा धागा सकाळपर्यंत किती वेळा उघडून बघणार ते प्रामाणिकपणे सांगा.

---

अर्धविराम (रात्री १:५६)

तीनदा झालाय.

---

बगशोध्या (सकाळी ८:१०)

मी अ‍ॅप टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे कुंपणाच्या आतला माणूस. मनाचा ताबा वगैरे बाजूला ठेवा.

पूर्वी पानाला तळ असायचा. खाली 'पुढील पान' असं बटण, आणि तिथे बोट क्षणभर थांबायचं. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोलिंग तयार केलं आणि तो थांबा गेला. त्याचा पश्चात्ताप होतो असं पुढे तो स्वतःच जाहीरपणे बोललाय.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या कबुतरांची. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळत असेल तर कबूतर दाणा खाऊन जरा दम खातं. पण दाणा कधी पाच टोचांनी, कधी दोनशे टोचांनी मिळाला तर ते टोचतच राहतं. बोटाने पडदा खाली ओढून 'नवीन काय' बघतो ना आपण, ती चोच आहे. दहातल्या नऊ रील भिकार असतात म्हणून तर दहावीसाठी बसतो माणूस. सगळ्याच चांगल्या असत्या तर पोट भरलं असतं.

म्हणून लढाई तळ परत आणण्याची. ब्राउझरमधून बघा, पण प्रत्येक वेळी लॉग आउट करा आणि पासवर्ड सेव्ह करू नका. यूट्यूबची हिस्टरी बंद करून आधीची पुसून टाका, मुखपृष्ठ जवळजवळ कोरं होतं. सूचना फक्त माणसांच्या ठेवा, अ‍ॅपच्या नकोत. 'अमक्याने बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला' ही सूचना अमक्याने पाठवलेली नसते, हे लक्षात असू द्या.

---

दुपारची_झोप (दुपारी ३:३२)

मी नर्स आहे, रात्रपाळी. मी खातंच उडवलं, पण दुसऱ्या खेपेला. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे डिलीटची आज्ञा दिल्यावर तीस दिवसांची मुदत असते. तेवढ्यात परत आत गेलात तर रद्द करता येतं. पहिल्यांदा मी २६व्या दिवशी गेले. 'फक्त फोटो उतरवून घेते' म्हणून गेले आणि पहाटे चारला बाहेर आले. दुसऱ्यांदा फोटो आधी उतरवले, बहिणीला पासवर्ड बदलायला लावला आणि मला सांगू नकोस म्हटलं.

कुणी सांगत नाही ते सांगते. पहिले दोन आठवडे पाळीवर पहाटे तीन ते पाच हा वेळ अंगावर यायचा. आणि तोटाही झाला. वर्गातल्या एका मैत्रिणीची आई गेली ते मला दोन महिन्यांनी कळलं. सगळ्यांना वाटलं मी पोस्ट बघितली असणार. तिने मनात धरलं नाही, मला मात्र अजून टोचतं. आता सहा जणींची यादी केलीय, महिन्यातून एकदा स्वतःहून फोन करते.

एक काम करा. आठ दिवस काहीही कमी करू नका. शेजारी कागद ठेवा आणि हात फोनकडे गेला की त्याच्या आदल्या क्षणी काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा. मिनिटं लिहू नका, ती फोनला माहीत आहेत.

---

तळटीप (रात्री ९:०५)

शब्दावरून थोडी कुरकुर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे. सोशल मीडियाचा वेगळा विकार नाही. म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही, पण 'मी व्यसनी' हा शिक्का इतक्यात मारून घेऊ नका. शिक्का बसला की माणूस त्याला शोभेल असं वागू लागतो, हे माझं मत, संशोधन नव्हे.

संशोधन हवं तर हे घ्या. अमेरिकेत २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीआधी अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं. दिवसाचा साधारण तासभर मोकळा झाला, बातम्यांची माहिती घटली आणि समाधान वाढलं, पण थोडंच. चमत्कार झाला नाही. प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर आधीपेक्षा कमी राहिला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि '२१ दिवसांत सवय' हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात साधी नवी सवय लागायला मध्यक (मधोमधचा आकडा) ६६ दिवस निघाला, कुणाला १८ तर कुणाला २५४. तेही सवय लावण्याचं, सोडण्याचं नाही.

---

अर्धविराम (अकरा दिवसांनी, रात्री ११:२०)

सगळ्यांचे आभार. दुपारची_झोप, तुमचा कागद केला. आठ दिवसांत १७३ नोंदी. फोनच्या मते उचलण्याचा आकडा कितीतरी मोठा आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हात गेलेला मला कळलंच नाही. पण ज्या लिहिल्या त्या वाचून थक्क झाले.

मला वाटलं होतं 'कंटाळा', 'कंटाळा', 'कंटाळा' असं निघेल. १७३ पैकी ९६ नोंदी अशा: 'उर्मी की ऊर्मी?', 'कोट्यवधी', 'अनसूया?'. शब्दकोश फोनमध्ये आहे! शब्द अडला की फोन उचलायचा, कामाचंच म्हणून बिनदिक्कत उचलायचा, शब्द बघायचा, आणि हात तिथून पुढे. काही वेळा तर शब्द न बघताच. 'ऊर्मी'च्या पुढे मी लिहिलंय, 'मांजर, २५ मि., शब्द राहिला.' फोन दुसऱ्या खोलीत ठेवून का जमत नव्हतं तेही कळलं. निमित्तं खोटी नव्हती, शब्दच बघायला जात होते.

माळ्यावरून छापील कोश काढला. जड आहे, बाइंडिंग सुटलंय, शिंका येतात. पण त्यात शब्द बघून झाला की पुढे काही नसतं. बगशोध्यांचा तळ तो हाच. दिवसाचं काम आता बरंच एकसंध होतंय आणि आकडा ३ तास ५ मिनिटांवर आलाय.

उरलेल्या नोंदींत एक मोठा गठ्ठा आहे, काम पाठवल्यानंतरचा. 'बघितलं असेल का', 'निळी खूण आली का'. त्या 'प्रवस'नंतर हे वाढलंय. त्यावर कोश चालत नाही. रात्रीचंही अजून जमलेलं नाही, वेळ वर दिसतेच आहे.

तळटीप, 'व्यसनी' खोडलं. समासात लिहिलं, 'शंका: लेखकाला विचारणे'.

कॅल्क्युलेटर मात्र अजून उघडतोच. परवा उघडलाच होता, तर पानांचा हिशेब केला आणि दोन महिने रखडलेलं बिल पाठवून दिलं.