विद्यापीठातलं पहिलं वर्ष: तुम्हाला तुमची माणसं कुठे भेटली?

गोदाकाठ
काल भाचीला पुणे विद्यापीठाच्या होस्टेलवर सोडून आले. गादी, बादली, कुलूप सगळं लावून झालं आणि निघताना पोरगी म्हणते, मावशी इथे मला कुणीच ओळखत नाही गं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मी २००३ला परभणीहून इथेच एमएला आलेले. चारशे एकरांचा कॅम्पस, मेन गेटपासून डिपार्टमेंट येईपर्यंत नुसती झाडं. आमच्या कॉलेजात शिपाईसुद्धा नावाने हाक मारायचे, इथे पहिले तीन आठवडे मी बोलले ती फक्त मेसच्या काकांशी, "दोन पोळ्या द्या" एवढंच. जयकर लायब्ररीत एक मुलगी रोज समोर बसायची, बोलणं काही नाही. एक दिवस मला उशीर झाला, गर्दी होती, तर माझ्या खुर्चीवर तिची ओढणी. म्हणाली, धरून ठेवली होती. नावसुद्धा माहीत नव्हतं तिला माझं! चंद्रपूरची ती. आजही अडीनडीला पहिला फोन तिलाच जातो. तुमचं सांगा.

माळरान
मी पॅरासाईट होतो, म्हणजे दुसऱ्याच्या होस्टेल रूमवर चोरून राहणारा. होस्टेलचा नंबर लागला नाही, बाहेर कॉट बेसिसचं भाडं परवडणारं नव्हतं, गावच्या एका सीनियरने रूमवर ठेवून घेतलं. दोन कॉट, चार माणसं. सकाळी गादी गुंडाळून कॉटखाली सारायची, रेक्टर आले की बाहेर. एका डब्यात दोघं जेवायचो, भात मात्र तो मुद्दाम जास्त मागून घ्यायचा हे मला फार उशिरा कळलं. आता तो नाही. असो.

गोदाकाठ
@माळरान वाचून गलबललं हो.

पंचगंगा
आमचं शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. कमवा आणि शिका मध्ये होतो. सकाळी बागेत खुरपं, मग आंघोळ करून वर्गात. पहिल्या दिवशी हाताला फोड आले तर शेजारच्या वाफ्यातल्या पोरानं त्याचा रुमाल फाडून बांधला, गडी सांगलीकडचा, बोलायला लई कमी. एकत्र घाम गाळला की ओळख करून द्यावी लागत नाही बघा.

चहाबाज
पुणे विद्यापीठातल्या अनिकेत कॅन्टीनला अजून चहा मिळतो का कुणाला माहितीये? २०११ नंतर जाणंच नाही झालं

लोकलवाली
माझं जरा वेगळं, मी बदलापूर ते मुंबई विद्यापीठाचा कलिना कॅम्पस, लोकलने कुर्ल्याला उतरून पुढे बस. लेक्चर संपलं की पळायचं, त्यामुळे वर्गात कुणाशी जमलंच नाही, फ्रेशर्स पार्टीचे फोटो दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये बघितले, वाईट वाटायचं खूप. पण सकाळच्या लेडीज डब्यातल्या काकू, त्यांनी मला धरून ठेवलं. भाजी निवडता निवडता विचारायच्या आज कुठला पेपर, आणि पेपरच्या दिवशी मला खिडकी द्यायच्या, वाच म्हणून. डब्यातली खिडकी म्हणजे काय ते रोज जाणाऱ्यांनाच कळेल. निकालाला पेढे डब्यात आधी वाटले, वर्गात नाहीच.

चहाबाज
@लोकलवाली माझी आई कर्जत लोकलची, तिच्याही ग्रुपचं हळदीकुंकू डब्यातच असायचं

मक्याचं_शेत
अमेरिकेत, पर्ड्यूला. इथे ऑगस्टमध्ये क्लब्जचा मोठा मेळा भरतो, मग प्रत्येक क्लबची पहिली मीटिंग, तिला कॉलआउट म्हणतात. मी पाच कॉलआउटला गेले, सगळीकडे पिझ्झा खाल्ला, नाव सांगितलं, परत आले. अठरा वर्षांची, घरापासून पहिल्यांदाच लांब, रात्री उशी ओली. मग डॉर्मच्या कॉमन किचनमध्ये हिंग-मोहरीची फोडणी दिली तर स्मोक अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग खाली थंडीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी उभ्या मुलीने अंगावरचं ब्लँकेट अर्धं माझ्यावर टाकलं आणि विचारलं, आत जे शिजतंय ते काय आहे. वरणभात होता. दोघींनी मिळून खाल्ला. तिच्यासाठी आई आता वेगळं मेतकूट पाठवते.

पंचगंगा
मेतकूट कुठलं, घरचं?

मक्याचं_शेत
हो, आई गहू, हरभराडाळ भाजून गिरणीतून आणते

गोदाकाठ
आत्ता भाचीचा मेसेज. बादली बाथरूमबाहेर ठेवली ती कुणीतरी नेली, समोरच्या रूममधली जळगावची मुलगी म्हणाली माझी घे, आपण दोघी वापरू. 😊

माळरान
नवीन घेतली की तिच्यावर ऑइलपेंटने नाव घालायला सांगा, मार्कर टिकत नाही.