मदत हवी आहे: खगोलभौतिकी आणि मशीन लर्निंगच्या कार्यशाळेसाठी कोणता डेटा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंड्याजवळच्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. येत्या पावसाळ्यात, चतुर्थीच्या सुट्टीआधी, आम्ही दोन दिवसांची कार्यशाळा घेत आहोत. विषय खगोलभौतिकीतले मशीन लर्निंग. भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र अशा दोन्ही विभागांची मुले एकत्र बसतील, दर संगणकावर एक इकडचा आणि एक तिकडचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे दुर्बीण लावून उपयोग नसतो, त्यामुळे आकाश पाहायचे ते डेटातूनच.

हा विषय का, तेही सांगते. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे आणि दर रात्री सुमारे २० टेराबाइट डेटा जमणे अपेक्षित आहे. आकाशात काही बदलले की सूचना निघते, आणि अशा सूचना एका रात्रीत एक कोटीपर्यंत जाऊ शकतात. एवढे डोळ्यांनी चाळणे कोणालाच शक्य नाही. या कामाची तोंडओळख करून घ्यायला पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या मुलाला वाटू नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

गाडी अडली आहे ती डेटासेटवर. तीन पाहून ठेवले आहेत.

कॅगल या डेटासेटच्या संकेतस्थळावर स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या सतराव्या डेटा प्रकाशनातला एक लाख ओळींचा तक्ता आहे. प्रत्येक पिंड तारा, दीर्घिका की क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचे अतिप्रखर केंद्र) हे ओळखायचे. नमुन्यादाखल रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून ठरवणारी पद्धत) चालवले तर अचूकता ९५ टक्क्यांच्या वर गेली. मॉडेलने कोणत्या रकान्याला किती महत्त्व दिले ते काढले, तेव्हा जवळजवळ सगळा भार ताम्रसृतीवर (रेडशिफ्ट, म्हणजे पिंडाचा प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचे माप) निघाला. साहजिकच आहे. तारे आपल्याच आकाशगंगेतले, त्यांची ताम्रसृती शून्याच्या आसपास. दीर्घिका दूर आणि बहुतेक क्वेसार त्याहून दूर. मग मुलांना शिकण्यासारखे यात काय उरते?

दुसरा, गॅलेक्सी-१० डेकॅल्स: दीर्घिकांची १७,७३६ रंगीत चित्रे, दहा प्रकार. चित्रे फार सुंदर आहेत, मुले हरखून जातील. पण आमच्या प्रयोगशाळेत एकाही संगणकाला जीपीयू (चित्रांवरची मॉडेल वेगाने चालवणारी चिप) नाही, आणि जुलैत वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा धरता येत नाही, म्हणून इंटरनेटवरून चालणाऱ्या गूगल कोलॅबवर विसंबायला मन धजत नाही.

तिसरा, पल्सारचा (ठराविक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांचा) एचटीआरयू-२. तक्ता छोटा आहे, पण नुसत्या आठ आकड्यांत मुलांचे मन रमेल का?

आणखी एक. जोडीत बसवले की संगणकवाला कोड लिहितो आणि भौतिकवाला बघत बसतो, असे इतर उपक्रमांत पाहिले आहे. हे टाळायला काय करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

—

झुआरीनगरकर

ताई, पहिला तक्ता सोडू नका. ज्यामुळे तो तुम्हाला निरुपयोगी वाटतोय, तोच त्यातला सगळ्यात मोलाचा भाग आहे.

मुलांना आधी काही न सांगता मॉडेल चालवू द्या, अचूकता पाहून खूश होऊ द्या. मग विचारा, ताम्रसृतीचा हा आकडा आला कुठून? वर्णपटातून. तारा, दीर्घिका, क्वेसार हे शिक्के कुठून आले? तेही वर्णपटातूनच. म्हणजे वर्णपट हातात असेल तर पिंड कोणता हे आधीच कळलेले आहे, मॉडेलची गरजच नाही. रुबिन वेधशाळा तर छायाचित्रे घेते, वर्णपट नाही. तिच्या बहुतेक पिंडांसाठी हा रकाना रिकामाच असणार. ‘प्रत्यक्ष काम करताना माझ्या हातात कोणती माहिती असेल?’ हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या मुलाने विचारायचा असतो, आणि तो विचारला गेला नाही तर ९५ टक्क्यांना काही अर्थ नाही.

मग ताम्रसृती काढून टाका. ओळखक्रमांक, आकाशातले स्थान, वर्णपट घेतानाची प्लेट, फायबर आणि तारीख यांचे रकानेही काढा. सर्वेक्षणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांत वेगवेगळ्या प्रकारच्या पिंडांवर भर होता, त्यामुळे मॉडेल तिथूनही पळवाट शोधते. उरतील यू, जी, आर, आय, झेड या पाच रंगपट्ट्यांतल्या प्रती (मॅग्निट्यूड, म्हणजे तेजस्वितेचे आकडे). एका ओळीत यू, जी आणि झेडच्या जागी −९९९९ आहे, म्हणजे ते माप नाहीच. ती ओळ मुलांनाच शोधू द्या.

आता भौतिकवाल्यांना कामाला लावा. प्रती लॉगरिथमिक असतात, म्हणून यू वजा जी म्हणजे दोन पट्ट्यांतल्या प्रकाशाचे गुणोत्तर. पिंड जवळ आहे म्हणून तेजस्वी दिसतो की मुळातच तेजस्वी आहे, हा गुंता त्यात बराचसा सुटतो आणि रंग हाती येतो. असे चार रंग तयार करून मॉडेल पुन्हा चालवा. अचूकता खाली येईल, पण आता जी येईल ती खरी असेल. बरेचसे क्वेसार अतिनील बाजूला उजळ असल्याने ताऱ्यांपासून वेगळे पडतात. मात्र ताम्रसृती २.७ च्या आसपास असली की त्यांचे रंग ताऱ्यांच्या रंगांत मिसळतात. खगोलशास्त्रज्ञांना हा पट्टा वर्षानुवर्षे छळत आला आहे.

आणि इथे तो काढून टाकलेला रकाना परत आणा, फक्त तपासणीसाठी. चुकलेले क्वेसार ताम्रसृतीप्रमाणे मांडा. चुका कुठे दाटतात हे मुलांनी स्वतः पाहिले की मॉडेल कुठे आणि का अडखळते हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

जीपीयू लागत नाही. एक लाख ओळींचे रँडम फॉरेस्ट साध्या संगणकावर चालते. तक्ता, पायथन आणि त्याची सायकिट-लर्न लायब्ररी आदल्या दिवशीच सगळ्या यंत्रांवर घालून ठेवा, म्हणजे इंटरनेट गेले तरी काम अडणार नाही.

—

पर्वरीची मीरा

झुआरीनगरकरांशी पूर्ण सहमत. पण दुसऱ्या दिवसासाठी एचटीआरयू-२ ठेवाच. त्यात १७,८९८ नोंदी आहेत आणि खरे पल्सार फक्त १,६३९. ‘सगळा गोंगाटच आहे’ असे डोळे मिटून सांगणारे मॉडेलसुद्धा जवळजवळ ९१ टक्के अचूक ठरते, आणि त्याला एकही पल्सार सापडलेला नसतो! अचूकतेऐवजी ‘खऱ्यांपैकी किती सापडले’ आणि ‘सापडलेल्यांपैकी किती खरे’ हे दोन आकडे का पाहायचे, ते यातून लगेच कळते.

आठ आकडे कोरडे नाहीत हो. चार स्पंदाच्या आकाराचे आहेत, चार अपस्करणाच्या (डिस्पर्शनच्या) आलेखाचे. ताऱ्यांमधल्या अवकाशातले इलेक्ट्रॉन कमी वारंवारितेच्या लहरींना जास्त उशीर लावतात. पल्सारचा संकेत तेवढे अंतर कापून येतो, म्हणून त्याचा उंचवटा शून्याहून वेगळ्या अपस्करणाला दिसतो. जमिनीवरच्या रडारचा किंवा मोबाइलचा गोंगाट बहुधा शून्यापाशी असतो. हे फळ्यावर काढून दाखवा, मुले रमतात. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवरही पल्सार शोधताना याच गोंगाटाशी झगडावे लागते, तेवढेच आपल्याकडचे उदाहरण.

जोड्यांबद्दल: कीबोर्ड दर अर्ध्या तासाने बदलायचा, हा नियम पहिल्याच सत्रात करा. प्रत्येक वेळी मॉडेल चालवण्याआधी भौतिकवाल्याने कागदावर लिहायचे की काय निघेल आणि का. चुकलेल्या नोंदींचा खुलासा मात्र संगणकवाल्याने करायचा. दोघांनाही एकमेकांना विचारल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

—

वास्कोकर

+१. पणजीच्या सार्वजनिक वेधशाळेतल्या मंडळींना जरूर बोलवा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेकडेही पत्र टाका, ते देशभरच्या विद्यापीठांसोबत कार्यशाळा घेतात. आणि दुसऱ्या दिवशी चारलाच संपवा. सांगे-पेडण्याच्या मुलांना कदंबा बस मिळायला हवी.

—

धागाकर्ती

सगळ्यांना देव बरें करूं! एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. पहिला दिवस स्लोनचा तक्ता, दुसरा एचटीआरयू-२, असे ठरवून टाकले. दीर्घिकांची चित्रे जेवणाच्या सुट्टीत पडद्यावर दाखवीन.

मीराताई, एक विचारायचे राहिले. एचटीआरयू-२ मध्ये एकाच पल्सारच्या एकाहून अधिक नोंदी असतील, तर त्यातली एक ट्रेनिंगमध्ये (मॉडेल शिकवण्याच्या भागात) आणि दुसरी टेस्टमध्ये (तपासणीच्या भागात) जाणार. तक्त्यात पल्सारचे नाव दिलेले नाही. मग विभागणी करताना तुम्ही काय करता?