सड्यावरच्या वाडीपर्यंत वायरलेस दुवा: परवाना नेमका कशाला लागतो?

सड्यावरचा रहिवासी:
रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर जोडणी आली आहे. आमची वाडी मात्र तिथून सहा किलोमीटरवर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे आणि शाळेच्या ओट्यावर उभे राहिल्याशिवाय मोबाइलला रेंज मिळत नाही. दोन्हीकडे डिश अँटेना लावून 5.8 गिगाहर्ट्झवर दुवा जोडावा आणि खर्च चाळीस घरांनी वाटून घ्यावा, असा आमचा विचार आहे. त्यासाठी परवाना काढावा लागेल का?

बिनतारी:
लहरी वापरणे आणि इंटरनेट पुरवणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचे 5.8 गिगाहर्ट्झ ज्यात येतात तो 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2018 च्या अधिसूचनेनुसार परवानामुक्त आहे. यंत्राला मात्र डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाची लहरींचे नियमन करणारी शाखा) उपकरण-मान्यता असलीच पाहिजे. अँटेनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीची कमाल मर्यादा 4 वॅट, म्हणजे 36 डीबीएम (शक्ती मोजण्याचे एकक) आहे आणि तीत अँटेनाचा लाभही, म्हणजे लहरी एका दिशेला एकवटल्याने होणारी वाढही, धरला जातो, त्यामुळे 24 डीबीआय लाभाची डिश लावल्यास यंत्राची शक्ती 12 डीबीएमवर आणावी लागते. अमेरिकेत अशा थेट दुव्यांना याहून अधिक शक्तीची मुभा असल्याने तिकडचे तक्ते पाहून आपल्याकडे यंत्र लावू नये, ही कळकळीची विनंती. एवढ्या शक्तीतही सहा किलोमीटरचा दुवा व्यवस्थित चालतो.

खाडीपलीकडे:
इंटरनेट पुरवण्याबद्दल सांगतो. पैसे घेऊन लोकांना इंटरनेट देणे हे परवानाधारक सेवादात्याचे काम आहे आणि घरगुती जोडणी परस्पर वाटणे बहुतेक करारांत बसत नाही. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या केंद्र सरकारच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेत मात्र वाडीतले दुकान किंवा वाचनालय सार्वजनिक डेटा केंद्र (पीडीओ), म्हणजे लोकांना वाय-फाय पुरवणारे ठिकाण, होऊ शकते. त्याला परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. बँडविड्थ परवानाधारकाकडूनच घ्यावी आणि तिचा करार त्याच वापरासाठी करावा.

बिनतारी:
एक राहिले. सहा किलोमीटरच्या मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या सुमारे नऊ मीटर येते. त्यातला साठ टक्के भाग, म्हणजे दृष्टिरेषेखालचे साधारण साडेपाच मीटर, मोकळे हवेत. मधल्या आंब्याच्या बागांची उंची आजची धरू नका, पाच वर्षांनंतरची धरा. या लहरींना पावसाचा त्रास फारसा होत नाही, पण भिजलेली पालवी सिग्नल शोषून घेते. म्हणून चाचणी मे महिन्यात केली असली तरी ऐन आषाढात पुन्हा करा आणि मगच खांबाची उंची ठरवा.