ग्रीन पार्क रहिवासी ग्रुप: ऑटोमॅटिक हवी तर सनरूफही घ्या म्हणतात

मेघना ए-३०२: शोरूममधून आत्ताच आले. डोकं फिरलंय. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबवत नाही, म्हणून ऑटोमॅटिक हवी. आणि मागच्या काचेला वायपर. बस. तर म्हणे दोन्ही एकत्र फक्त टॉप मॉडेलमध्ये. सनरूफ आणि भली मोठी स्क्रीन गळ्यात. दीड लाख जास्त!

सचिन बी-४०४: ताई, घ्या की सनरूफ. विसर्जनाला उभं राहून गुलाल उधळता येईल 😄

मेघना ए-३०२: सचिन, चेष्टा नको रे. पोरं त्यातून डोकं बाहेर काढतात आणि ब्रेक लागला की काय होतं, माहीत आहे ना?

गोखले काका सी-१०१: गाडी कुठलीही घ्या. बी विंगच्या रॅम्पवर आडवी लावू नका.

देशपांडे काका ए-१०१: मेघना, माझी अख्खी नोकरी चाकणला वायरिंग हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्यांच्या कामात गेली, म्हणून सांगतो. सहा गोष्टी 'हवी किंवा नको' अशा ठेवल्या की ६४ प्रकार होतात. पाच रंग धर, ३२०. मॅन्युअल-ऑटोमॅटिक धर, ६४०. हार्नेस वेगळे, लाइनवर पार्ट वेगळे, चुकीचा पार्ट लागायची भीती वेगळी. डीलरने यार्डात कोणती गाडी उभी करायची? शिवाय एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता. म्हणून चार-पाच गठ्ठे बांधून टाकतात.

मेघना ए-३०२: काका, गठ्ठे बांधा, पटलं. पण वायपर सनरूफच्याच गठ्ठ्यात का? पावसात मागचं दिसणं ही चैन आहे का?

देशपांडे काका ए-१०१: तू वरचं मॉडेल घ्यावंस म्हणून. दुसरं कारण नाही.

कुलकर्णी काकू बी-२०१: आमचा अमेय स्टुटगार्टला आहे. तिकडे म्हणे हवं ते निवडा, तशी गाडी बनवून देतात.

देशपांडे काका ए-१०१: वहिनी, तिकडेही आता पर्याय कमी केलेत. सप्टेंबर २०१८ पासून युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना इंधन आणि धूर मोजायची नवी डब्ल्यूएलटीपी चाचणी लागू झाली. मोठं चाक, सनरूफ, प्रत्येकाने वजन आणि हवेचा रोध बदलतो, की धुराचा आकडा बदलतो. इतक्या जोड्यांचा हिशेब ठेवण्यापेक्षा कंपन्यांनी जोड्याच छाटल्या.

गोखले काका सी-१०१: रॅम्पचं कोणी बोलत नाही. आज पण आडवी गाडी होती.

विनायक सेक्रेटरी: काका, नोंद घेतली आहे 🙏

सचिन बी-४०४: ईव्ही घ्या, सगळ्या ऑटोमॅटिकच. फक्त चार्जिंग पॉइंट मिळायला हवा. मागच्या एजीएममध्ये काहींनी तो अडवला.

विनायक सेक्रेटरी: अडवला नाही. मीटर कोणाच्या नावावर, एवढंच विचारलं होतं. मिनिट्स वाचा.

सचिन बी-४०४: वाचलेत. लिहिलेत कोणी, तेही माहीत आहे.

रोहन सी-२०३: भांडण बाजूला ठेवा. एअरबॅगचंही हेच होतं. ड्रायव्हरची जुलै २०१९ पासून सक्तीची, शेजारच्याची २०२१ मध्ये. सहा एअरबॅगचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, मुदत ऑक्टोबर २०२३ पर्यंत ढकलली आणि त्याआधीच गडकरी म्हणाले, सक्ती करणार नाही. तरी २०२५ मध्ये मारुतीने आल्टो के१०, वॅगन आरच्या सगळ्या व्हेरियंटना सहा दिल्याच ना? म्हणजे खालच्या मॉडेलातही देता येतं. मागणारे हवेत.

मेघना ए-३०२: अगदी! मी कंपनीला मेल करणार आहे. गुडघेदुखीवाले, म्हातारे, क्लचचा त्रास होणारे कमी आहेत का आपल्याकडे?

कुलकर्णी काकू बी-२०१: माझं नाव घाल गं त्यात.

गोखले काका सी-१०१: माझंही. आणि रॅम्प.

मेघना ए-३०२: देशपांडे काका, खालचं मॉडेल घेऊन बाहेरून वायपर बसवला तर?

देशपांडे काका ए-१०१: अजिबात नको. काच, डिकीचं दार, वायरिंग, सगळ्याला हात लागतो. हार्नेस कापलं की वॉरंटीचा वाद सुरू. त्यापेक्षा दुसऱ्या कंपन्यांच्या मधल्या व्हेरियंटचे तक्ते शेजारी ठेवून बघू.

विनायक सेक्रेटरी: आणि मेघनाताई, विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून कोटेशन काढा.

मेघना ए-३०२: थँक्यू विनायकदादा. काका, उद्या अकराला येता का माझ्यासोबत?

देशपांडे काका ए-१०१: येतो. ब्रोशर आधी पाठव, रात्री वाचून ठेवतो.