पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा परवाना : मूळ पुस्तिका जवळ बाळगता की झेरॉक्स?

मागच्या महिन्यात पुणे-सातारा रस्त्यावर रात्री नाकाबंदीत गाडी थांबवली. पेट्रोल पंपाची रोकड घेऊन घरी निघालो होतो, कमरेला ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. फौजदारांनी परवाना मागितला. मी ऐटीत गाडीच्या खणातून झेरॉक्स काढून दिली. रंगीत, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे झालं. पुस्तिका कुठंय?"

पुस्तिका बँकेच्या लॉकरमध्ये! हरवू नये म्हणून मीच ठेवलेली. बँक उघडणार सकाळी दहाला.

पुढचे अडीच तास ठाण्यातल्या बाकड्यावर गेले. आमच्या गावच्या ठाण्यात फोन झाला, तिथल्या अंमलदारांनी रजिस्टर पाहून सांगितलं, मग रिव्हॉल्व्हर ठेवून घेऊन पावती दिली. दुसऱ्या दिवशी पुस्तिका दाखवल्यावर परत मिळालं. फौजदार एका शब्दानं वावगं बोलले नाहीत. नंतर कायदा काढून वाचला. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १९ : शस्त्र घेऊन फिरणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारून शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता खोटा वाटला तर वॉरंटशिवाय अटक. गाडीचं लायसन्स २०१८ पासून मोबाइलमध्ये दाखवलं तरी चालतं, त्यामुळे इथेही तसंच असेल असं डोक्यात बसलं होतं. पण तो नियम मोटार वाहनांचा.

तर मंडळी, तुम्ही काय करता? परवानाधारक, सुरक्षारक्षक, नेमबाज, शेतीसंरक्षणाची बंदूक असलेले बागायतदार, खात्यातले लोक, सगळ्यांनी लिहा. परवाना लवकर कसा मिळेल आणि कुणाची ओळख आहे का, हे मात्र इथे विचारू नका.

निवृत्त हवालदार

एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच रस्त्यावर. पंपवाल्यांना राग येईल, पण मी असतो तर मीही हेच केलं असतं.

लोकांना वाटतं परवाना म्हणजे एक दाखला. जन्माच्या दाखल्यासारखा, एकदा मिळाला की झालं. तसं नाही. पुस्तिका बँकेच्या पासबुकासारखी असते. त्यात शस्त्राचा नंबर आणि बोअर चढतो, विकलं तर कमी होतो. काडतुसं घेतली की दुकानदार तारीख आणि नग लिहून सहीशिक्का मारतो. नूतनीकरणाचा शिक्का पडतो. जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर, ते क्षेत्र लिहिलेलं असतं आणि बदलूही शकतं. झेरॉक्स ज्या दिवशी काढली त्या दिवशीपुरती खरी. पुढं पुस्तिकेत काय झालं ते तिला ठाऊक नाही.

एक किस्सा सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं झालं. जास्तीचं जमा करायला वर्षाची मुदत होती. ती मुदत संपल्यावर एका गृहस्थांना तपासलं. झेरॉक्सवर तीन शस्त्रं, आणि गाडीत होतं ते नेमकं तिसरं. घरून पुस्तिका मागवली, तर तिच्यात ते शस्त्र तांबड्या शाईनं कमी केलेलं, पण जमा केलेलंच नाही. माणूस भला होता, मुद्दाम काही केलं असं आजही मला वाटत नाही. त्यांची जुनी झेरॉक्स त्यांनाच खरी वाटत होती.

त्यामुळे आम्ही कागद बघण्याआधी शस्त्रावरचा नंबर बघतो आणि मग पुस्तिकेतला. खाडाखोड बोटाला लागते. झेरॉक्सवर काहीच लागत नाही.

लॅमिनेशनवाला

हसू नका. मी मूळ पुस्तिकेची पानं सुटी करून लॅमिनेट केली होती. नूतनीकरणाला गेलो तेव्हा टेबलावरच्या बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "आता शिक्का तुमच्या कपाळावर मारू का?" आधी तीन वर्षांनी जावं लागायचं, आता पाच वर्षांनी, म्हणून हौसेनं केलं होतं. पुन्हा दुय्यम प्रतीसाठी अर्ज, शुल्क, फोटो, सगळं पहिल्यापासून. ती लॅमिनेट केलेली पानं अजून ठेवली आहेत. नातवंडांना दाखवायला.

माजी सैनिक, सातारा जिल्हा

फौजेतून आल्यावर रोकड वाहून नेणाऱ्या एका एजन्सीत लागलो. नाव लिहीत नाही. बारा बोअरची दुनळी आणि परवाना एजन्सीचा, त्यात रिटेनर म्हणून माझं नाव. म्हणजे बंदूक त्यांची, वाहणारा मी. कागदोपत्री सगळं चोख, पण पुस्तिका मुख्य कार्यालयाच्या तिजोरीत आणि माझ्या खिशात झेरॉक्स. तिच्यावर मॅनेजरची सही आणि गोल शिक्का. साहेब म्हणायचे, "तुम्ही लोक पुस्तिका पावसात भिजवता."

आमच्या युनिटमध्ये हत्यार कोतातून, म्हणजे शस्त्रांच्या कोठारातून, काढताना रजिस्टरला सही केल्याशिवाय हात लावता यायचा नाही. तिथून आलेल्या माणसाला हे पटेना. तीनदा बोललो. चौथ्यांदा बोलायची वेळच आली नाही. पुण्याच्या बाहेर एका चौकात व्हॅन अडवली. ड्रायव्हर, कॅश मोजणारा पोरगा आणि मी. आत लाखांची रोकड. परवाना मागितला. मी झेरॉक्स दिली आणि खरं ते सांगितलं. बंदूक ताब्यात घेतली. आता व्हॅन बंदुकीशिवाय हलवायची नाही हा एजन्सीचा नियम, आणि बंदूक पुस्तिकेशिवाय मिळणार नाही हा सरकारचा. दुपारी साडेबारापासून चारपर्यंत व्हॅन ठाण्याच्या आवारात उभी. उन्हात आम्ही तिघं, आणि आजूबाजूला चहा पीत उभे असलेले लोक. त्या साडेतीन तासांत कुणी लुटलं असतं तर झेरॉक्स दाखवून पळवून लावायचं होतं काय?

पुस्तिका घेऊन साहेब स्वतः आले. दुसऱ्या दिवसापासून ती प्लास्टिकच्या पिशवीत, बंदुकीबरोबर, सही करून मिळू लागली. मी दोन महिन्यांनी नोकरी सोडली, ते वेगळ्या कारणानं.

जे माजी सैनिक अशा नोकरीत आहेत त्यांना एवढंच विचारतो : परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. बंदूक हातात तुमच्या आहे. मॅनेजरच्या नाही.

नेमबाजाची आई

माझी मुलगी बालेवाडीला सराव करते. सुरुवातीला १० मीटर एअर पिस्तूल होतं. १७७ बोअरचं, छऱ्याची ऊर्जा वीस ज्यूलच्या आत, त्याला परवाना लागत नाही. पण विमानतळावर हे समजावताना घशाला कोरड पडते, म्हणून नियमाची प्रत बॅगेत ठेवतो. इथे प्रत चालते, कारण मूळ कागद असा काही नाहीच.

मग २२ बोअरचं स्पोर्ट्स पिस्तूल आलं आणि सगळं बदललं. विमानात ते हातातल्या बॅगेत नेता येत नाही. काउंटरवर आधी सांगायचं, रिकामं करून दाखवायचं, काडतुसं वेगळी, आणि सामान खाली जातं. तिथे झेरॉक्सकडे कुणी बघतसुद्धा नाही. स्पर्धा दिल्लीच्या करणी सिंग रेंजवर असेल तर परवान्याचं क्षेत्र दिल्लीपर्यंत आहे ना, हेही तपासतात.

एका वर्षी नूतनीकरणाला दिलेली पुस्तिका वेळेत परत आली नाही. आमच्याकडे पोच आणि झेरॉक्स, दोन्ही. काउंटरवरची मुलगी फार अदबीनं बोलली, पण तिचंही बरोबर होतं. पिस्तूल घेऊन घरी आलो. लेक दिल्लीला गेली ती उसन्या पिस्तुलानं खेळायला. मूठच तिच्या हाताची नव्हती. गुण किती पडले ते विचारू नका. आता स्पर्धांचं वेळापत्रक बघून नूतनीकरणाचा अर्ज करतो, मुदत बघून नाही.

बागायतदार, देवगड

आमची ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाची. तुमच्या रिव्हॉल्व्हरासारखी कमरेला लावून मिरवायची वस्तू नव्हे. बाग आणि घर यांत हाकेचं अंतर, तरी पुस्तिका खांद्यावरच्या पिशवीत असते. शेजारच्या वाडीत एकाला वन खात्याच्या लोकांनी विचारलं होतं, तेव्हापासून.

आमची खरी कथा निवडणुकीची. २०२४ साली दोनदा ठाण्यात जमा, लोकसभेला आणि विधानसभेला. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेऊ नका, छाननी समितीनं ज्याचं त्याचं पाहून ठरवावं, असं उच्च न्यायालयानं सांगून किती वर्षं झाली. पण वाडीत निरोप येतो आणि माणसं रांगेत उभी राहतात. लोकसभेच्या वेळी ऐन आंब्याचा हंगाम. आमचे काका म्हणाले, "बंदूक ठाण्यात, माकडां बागेत, आणि मी खंय?"

तर झेरॉक्सचा उपयोग मला तिथे सापडला. बंदूक जमा केली की पावतीचा नंबर आणि तारीख मी झेरॉक्सवर लिहून ठेवतो आणि अंमलदारांची सहीही घेतो. ते देतात. एकदा पावती वाळवीनं खाल्ली. खोटं नाही, कपाटाची फळीच खाल्ली होती. निकालानंतर त्या झेरॉक्सवर बंदूक हातात मिळाली.

सांगलीकर

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमचा तळमजला गेला. पिस्तूल वरच्या मजल्यावर होतं, पुस्तिका मात्र खाली ऑफिसच्या कपाटात. सहा दिवसांनी उघडलं तर नुसता लगदा. शिक्के निळ्या पाण्यासारखे पसरलेले.

पिस्तूल ताबडतोब ठाण्यात जमा केलं, तक्रार नोंदवली. दुय्यम प्रत मिळायला सात महिने गेले, पण मिळाली ती केवळ झेरॉक्समुळे. पुण्याच्या भावाकडे एक संच होता, प्रत्येक पानाचा, अगदी कोऱ्या पानांचासुद्धा. त्यात ऑनलाइन नोंदणीचा यूआयएन नंबर होता. तो टाकला की संगणकावर माझं नाव दिसलं. म्हणून मी झेरॉक्सला नावं ठेवणार नाही. फक्त ती शस्त्राबरोबर ठेवू नका. ज्या घरात पुस्तिका आहे त्या घरातही नको.

ह्यूस्टनहून

इथे टेक्ससमध्ये २०२१ पासून बऱ्याच लोकांना हँडगन जवळ ठेवायला परवाना लागतच नाही. तरी मी लायसन्स काढलं, कारण दुसऱ्या राज्यात गाडीनं जाताना जिथे ते मान्य आहे तिथे उपयोग होतो. प्लास्टिकचं कार्ड आहे. त्याची झेरॉक्स काढायची कल्पना ऐकून इथला मित्र खूप हसला. पोलिसानं ओळखपत्र मागितलं आणि अंगावर हँडगन असेल तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर हेही कार्ड दाखवायचं, असा इथला नियम. माझा अनुभव एवढाच की दोन्ही कार्डं एका पाकिटात होती आणि पाकीट घरी विसरलो होतो. घाम फुटायला भाषा लागत नाही.

धागाकर्ता

सांगलीकरांचं वाचून आज प्रत्येक पानाची झेरॉक्स काढली आणि बहिणीकडे नाशिकला पाठवली. पुस्तिका लॉकरमधून आणली आहे. रिव्हॉल्व्हरच्या कव्हरला आतून कप्पा शिवायला टाकलाय.

वाचक, पहिल्यांदाच लिहिते आहे

माझ्याकडे परवाना नाही. वडील गेल्या वर्षी गेले. त्यांची बारा बोअर कपाटात होती आणि बरोबर फक्त एक झेरॉक्स, १९९१ ची, पिवळी पडलेली. परवानाधारक गेल्यावर शस्त्र घरात तसंच ठेवायचं नसतं, ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं असतं, हे एका वकील मैत्रिणीनं सांगितलं. ठाण्यात गेले. त्यांनी बंदूक घेतली, पण पुस्तिका शोधा म्हणाले. तीन आठवडे घर उपसलं. शेवटी देवघरात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सापडली. आईला माहीत होतं. "दसऱ्याला पूजेत ठेवायचे ना ते," ती म्हणाली.

पुस्तिकेत शेवटची नोंद : दहा काडतुसं, दुकानदाराची सही. कपाटात आठ मिळाली. अंमलदारांनी दोनदा मोजली आणि विचारलं, "दोन कुठं गेली?"

आईनंच उत्तर दिलं. माझ्या जन्माच्या दिवशी वडिलांनी परसात बार काढले होते. दोन. अंमलदारांनी ते हसत हसत जबाबात लिहून घेतलं.