‘रीबेस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांसाठी गिटची, म्हणजे प्रोग्रॅमच्या मजकुरातले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाची, टिपणे मराठीत लिहितो आहे. ‘ब्रँच’साठी, म्हणजे कामाच्या वेगळ्या धारेसाठी, ‘शाखा’ सहज बसली, पण ‘रीबेस’पाशी अडलो. मुख्य शाखा दरम्यान पुढे गेलेली असताना आपल्या शाखेवरचे कमिट (नोंदवलेले बदल) एकेक करून तिच्या टोकावर पुन्हा लावणे, असा त्याचा अर्थ आहे. मी ‘पुनराधार’ लिहिले, तर हा शब्द कोणीच बोलत नाही असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. आणि मर्ज करताना, म्हणजे दोन शाखा एकत्र आणताना, त्यांतले बदल जुळले नाहीत तर होणाऱ्या ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ला ‘विलीनीकरण-संघर्ष’ चालेल का?

प्रतिसाद १ : ‘विलीन’ शब्दात विरघळून जाणे आहे. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याचे वेगळे अस्तित्व संपले. गिटमध्ये मर्जनंतरही दोन्ही शाखांचा इतिहास शाबूत राहतो. म्हणून ‘मिलाफ’ म्हणावे, आणि रीबेसला ‘कलम करणे’.

प्रतिसाद २ : कलमात फांदी तीच राहते. रीबेसमध्ये कमिटचा पूर्वज बदलतो, त्याबरोबर हॅश, म्हणजे कमिटची ओळखखूण, हाही बदलतो, म्हणजे कमिट नवेच तयार होते. इतरांनी ज्या शाखेवर काम उभे केले आहे ती रीबेस करू नये असे सांगतात ते यामुळेच. ‘रीबेस करून घे’ हे दिवसभर कानांवर पडणारे मराठीच आहे, ते बदलू नये.

प्रतिसाद ३ : क्रियापद मराठी असले म्हणजे नाम शोधायचेच नाही, हे मला मान्य नाही. मात्र ‘संघर्ष’ नको. दोन्ही बाजूंनी त्याच ओळी बदललेल्या असल्या, की गिट सात-सात खुणांच्या रेघांमध्ये दोन्ही मजकूर ठेवते आणि निवाडा माणसावर सोपवते. यात वैर कुठे आहे? ‘पेच’ म्हणा, पेच सोडवता येतो.

प्रतिसाद ४ : खरी अडचण ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ची, म्हणजे अशा पेचातल्या दोन बाजूंना गिट देते त्या नावांची आहे. रीबेस करताना ‘अवर्स’ म्हणजे ज्या शाखेवर कमिट लावले जात आहेत तिचा मजकूर, आणि ‘देअर्स’ म्हणजे आपण स्वतः लिहिलेला! ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे भाषांतर केले, तर विद्यार्थी स्वतःचेच काम पुसून टाकेल.

प्रतिसाद ५ : तिथे ‘आमचे’ लिहावे, कारण ‘आपले’मध्ये समोरचाही येतो.

प्रतिसाद ४ : ‘आमचे’ लिहिल्यानेही बाजू उलटीच राहते. ‘पायाचे’ आणि ‘लावायचे’ असे लिहिले, तरच कोणता मजकूर कुठून आला ते कळेल.

प्रतिसाद ५ : पण पडद्यावर तर ‘अवर्स’च दिसणार, आणि टिपणातला शब्द त्याच्याशी जुळवून दाखवावाच लागेल.