पिशवी उघडून दाखवा म्हटलं, तर एवढं काय बिघडलं?

कसर_लागलेला (धागाकर्ता)

परवा इथल्याच एका जुने कॉमिक्स विकणाऱ्या सभासदाने लिहिलं, "ज्याला माझ्यावर भरवसा नाही त्याने माझ्या टेबलापाशी येऊच नये. पिशवीतला अंक बाहेर काढून मागणं म्हणजे मला चोर म्हणणं." खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, लक्ष्मी रस्त्यावर दोन हजारांची साडी घ्यायला गेलं तर गादीवर वीस साड्या उलगडतात, पदर उजेडात धरून दाखवतात. इथे कॉमिक्सच्या कन्व्हेन्शनमध्ये चार हजारांचा अंक, आणि मधलं पान बघू का विचारलं तर चेहरा असा, जणू घराचा सातबाराच मागितला.

स्वतःचा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावर बहादूर या नायकाचा मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा अंक घेतला, अठराशेला. कव्हर करकरीत, कोपरे शाबूत, पिशवीवर 'उत्तम' अशी चिठ्ठी. मागचे लोक ढकलत होते, भिडेखातर उघडून मागितला नाही. कोथरूडला घरी आलो, जेवणं आटोपल्यावर निवांत वाचायला घेतला, तर पान १४ नंतर थेट १९. बत्तीस पानी अंकातला अगदी मधला जोडकागद गेला की चार पानं जातात आणि बाहेरून पत्ता लागत नाही. पिना जागच्या जागी. पान १४ वर बहादूर खोलीत कोंडलेला, १९ वर डाकूच्या हातात बेड्या. मधे काय घडलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी अंक घेऊन गेलो तर उत्तर काय? "घेताना बघायचं होतं."

आता बोला. बघू देत नाहीत, आणि बघितलं नाही म्हणून चूकही आपलीच.

माझ्या मते पाचशेच्या वरचा अंक मागताक्षणी उघडून दाखवलाच पाहिजे. न मागता दाखवला तर विक्रेत्याच्या नावाने दिवा लावीन.

टेबलामागचा

तो विक्रेता सभासद मीच. नाव घ्यायला लाजलात काय? आणि तुमचा बहादूर माझ्याकडचा नाही, हे आधी स्पष्ट करतो.

साडीची घडी परत घालता येते हो. तुमच्या-आमच्या बालपणीच्या त्या कागदाचा कोपरा एकदा दुमडला की दुमडला. मागच्या वेळचा किस्सा ऐका. एक तरुण गृहस्थ, एका हातात पेरी-पेरी फ्राइज. "बघू?" म्हणाले आणि मी 'थांबा' म्हणेपर्यंत पिशवीचा फ्लॅप उघडून अंक ओढलासुद्धा. फ्लॅपची टेप मागच्या कव्हरला चिकटली आणि रंगाचा थर घेऊन वर आली. नखाएवढा पांढरा चट्टा. "सॉरी काका," म्हणाले आणि गर्दीत गुडुप. बाराशेचा अंक सहाशेला गेला. उरलेले सहाशे कोणाकडे मागू? धागाकर्त्याकडे?

दुसरी जमात मोबाइल काढून पानन् पान टिपणारी. खरेदी शून्य, आणि संध्याकाळी पीडीएफ ग्रुपवर हजर. त्यांच्याबद्दल काढा की धागा.

निव्वळ_वाचक

खुर्ची पुढे ओढून बसलो आहे.

भिंग

दोघंही भांडताय आणि दोष टेपचा आहे.

टेप आधी पूर्ण सोडवायची आणि पिशवीच्या पाठीवर चिकटवून ठेवायची, मग अंक पाठीच्या पुठ्ठ्यासकट बाहेर काढायचा. टेबलावर आडवा. निम्म्यापेक्षा जास्त उघडायचा नाही, पोळपाटासारखा सपाट तर मुळीच नाही. मधली पिन, पानांचे आकडे, गंज, कुबट वास बघायचा. कव्हरची आतली बाजू उजेडाकडे धरायची. घासलेल्या काळ्या कडेवर कोणी स्केचपेन फिरवलं असेल तर आतून शाई उमटलेली दिसते. दोन मिनिटांचं काम. आणि साहेब, टेप लावताना एक टोक दुमडून ठेवलंत तर ती सोडवताना झटापट होत नाही. ते तुमचं काम होतं.

पानं मोजणं हा अपमान नाही, जगभरची रीत आहे. अमेरिकेतल्या हल्क कॉमिकच्या १९७४ च्या अंक १८१ मध्ये, वुल्व्हरिन हा नायक पहिल्यांदा पूर्ण अंकभर दिसतो तोच, आतल्या पानावर कापून जमवायचा एक स्टॅम्प छापला होता. पोरांनी तो कात्रीने कापला. बाहेरून अंक कोरा करकरीत, आत खिडकी. किंमत धाडकन खाली. तिथला कुठलाही जाणता गिऱ्हाईक आधी ते पान बघतो. आपल्याकडे तर शाळेच्या प्रकल्पवहीसाठी कात्री चालवायची परंपराच. त्यामुळे बाइंडिंगची भोकं, छाटलेल्या कडा, वाचनालयाचे शिक्के, हे सगळे दोष बघूनच घ्यावं.

बुधवारी_जुना_बाजार

एवढ्यासाठी तिकडे अमेरिकेत २००० सालापासून सीजीसी ही अंक तपासणारी कंपनी आहे. दर्जा ठरवून कडक प्लास्टिकात बंद. वाद मिटला.

टेबलामागचा

मराठी वेताळाचा, म्हणजे फँटमचा, अंक सीजीसीकडे फ्लोरिडाला पाठवू? जाण्या-येण्याच्या खर्चात असे चार वेताळ येतील.

चारआणे_रोज

अवांतर आहे, पण राहवत नाही. भिंग, वाचनालयाचा शिक्का तुम्ही दोषात धरलात?

माझ्या वडिलांचं नारायण पेठेत छोटं वाचनालय होतं. चार आणे रोज. दहा-दहा अंक एकत्र ठेवून दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवायचा, वर जाड पुठ्ठा. शिक्का तीन ठिकाणी: पहिलं पान, शेवटचं पान आणि एक गुप्त पान. आमचं गुप्त पान ११. कोणी अंक लंपास करून पहिलं-शेवटचं पान फाडलं तरी ११ वर आम्ही पकडायचो. तो शिक्का म्हणजे अंकाचा जन्मदाखला आहे. १९६४ ते १९९० इंद्रजाल निघालं, त्यातले कितीतरी अंक आज हातात येतात ते असल्या पुठ्ठ्यांमुळे. नाहीतर रद्दीत गेले असते.

भिंग

ताई, भावना पोचल्या. पण कव्हरवर चित्रकार बी. गोविंद यांच्या वेताळाच्या कपाळावर जांभळी शाई म्हणजे जन्मदाखला नाही, देवी टोचल्याचा व्रण आहे.

चारआणे_रोज

वडिलांनी कव्हरवर आयुष्यात शिक्का मारला नाही. नीट वाचा. तीन ठिकाणं सांगितली आहेत.

बुधवारी_जुना_बाजार

शिक्का असलेला अंक म्हणजे कुठल्यातरी वाचनालयातून ढापलेला, असंही म्हणता येईल. हलकं घ्या.

चारआणे_रोज

हलकं घेत नाही. वाचनालय बंद केलं तेव्हा सगळे पुठ्ठे वजनावर विकले. ज्यांनी किलोने नेले तेच आज एकेक अंक सोडवून हजाराला विकतात. वर काही महाभाग शिक्का दिसू नये म्हणून पॉलिश पेपरने घासतात. पान ११ वर पातळ, खरखरीत डाग लागला तर समजा. मला दोन अंकांत लागला आहे. दोन्ही पिशवीबंद, दोन्हींवर 'उत्तम'.

टेबलामागचा

माझ्याकडे बघून बोलू नका. मी आयुष्यात काही घासलेलं नाही.

चारआणे_रोज

मग उघडून दाखवायला का घाबरता?

निव्वळ_वाचक

अरे बापरे.

टेबलामागचा

घाबरत नाही. एका टेबलावर दोनशे अंक, मी एकटा, समोर पंधरा हात. जेवायलासुद्धा उठता येत नाही. तुम्ही एक दिवस बसून बघा, मग शिष्टाचार शिकवा.

ठीक आहे. रांगेत उभे राहा, एक अंक निवडा, तो घ्यायचा विचार खरोखर असेल तर सांगा. काढणार मी, पानं उलटणार मी, बघणार तुम्ही. पान ११ सुद्धा. फ्राइज बाहेर, मोबाइल खिशात. हातमोजे घालून येणाऱ्यालाही नमस्कार, मोज्यांनी तर दोन पानं एकदम उलटतात.

भिंग

मोज्यांबाबत सहमत, कागद जपणारी तज्ज्ञ मंडळीही स्वच्छ कोरडे हातच बरे म्हणतात. आमच्या एकमताची ही तारीख लिहून ठेवा.

कसर_लागलेला

म्हणजे मी धाग्यात मागितलं तेच, फक्त तुमच्या अटींवर. चालेल. लवकर सुचलं असतं तर माझे अठराशे वाचले असते.

टेबलामागचा

परत तेच. कुठला नंबर होता तुमचा बहादूर? कव्हर नसलेले काही सुटे अंक पडले आहेत माझ्याकडे. त्यात असेल तर मधला कागद काढून घ्या. दोनशे द्या.

भिंग

एक मिनिट! दोन अंकांचा एक करणार? विकताना तसं लिहिणार का? इथेच तर फसवणूक सुरू होते.

कसर_लागलेला

विकतोय कोण? बहादूर त्या खोलीतून सुटला कसा, एवढंच मला बघायचं आहे. नंबर व्यक्तिगत निरोपातून कळवतो. आणि काका, चारही पानं मोजून दाखवा.